ओम्या आमच्याकडे होता तेव्हा

आईचा घरातला आवाज वेगळा आणि दुकानातला वेगळा. घरात ती फारशी बोलत नसे. आमटीत मीठ कमी पडलं तरी आण्णांनी ते आपलं आपण वाढून घ्यावं, इतकं शांत आमचं घर. दुकानात मात्र तिचा आवाज मोठा आणि सावकाश व्हायचा, शाळेतल्या बाईंसारखा. कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घराची पुढची खोली म्हणजे आईचं मेडिकल आणि मागच्या दीड खोलीत आई, आण्णा, आत्या आणि मी. मधली भिंत म्हणजे खरं तर औषधांच्या कपाटांची पाठच, त्यामुळे पुढचं सगळं मागे ऐकू यायचं. अकरावीचा अभ्यास मी त्या आवाजातच केला. स्टोव्हची भणभण, आत्याच्या भाकरीची थापथाप, आणि भिंतीपलीकडून आई: "ही पावडर आहे. पाणी उकळून गार करायचं, ह्या रेघेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. चहाचा चमचा घ्यायचा नाही, हे मापाचं झाकण घ्यायचं. ताप उतरला तरी बाटली मधेच सोडायची नाही. कळलं? आता तुम्ही मला सांगा."

हे 'आता तुम्ही मला सांगा' तिच्या दुकानाचं वैशिष्ट्य होतं. आमच्या आजूबाजूला बहुतेक साताऱ्याकडची माणसं, वाशीच्या मार्केटात पोती वाहणारी. खांद्याला घट्टे पडलेले ते गडी काउंटरसमोर अवघडून उभे राहायचे आणि पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवायचे, "दोन टाइम, जेवल्यावर, झाकणात अर्धं." चुकलं की आई पुन्हा म्हणायला लावायची. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या बाटलीवर ती पेनाने उगवता सूर्य आणि चंद्र काढून द्यायची. कान दुखणाऱ्या पोराच्या कानात कुणी गरम तेल ओतलं तर ती त्या माणसाला सगळ्यांसमोर झापायची आणि मग स्वतःच डॉक्टरांकडे पाठवायची. आण्णा महाप्याच्या एका रंगाच्या कंपनीत होते. कामावरून आले की त्यांच्या नखांत निळा नाहीतर लाल रंग असे. ते म्हणायचे, "तुझी आई औषध कमी विकते, बोलणं जास्त विकते." हे ते कौतुकाने म्हणत की वैतागाने, ते मला कधी ठरवता आलं नाही.

सविता पहिल्यांदा कधी आली ते मला आठवत नाही, कारण ती शेकडो बायकांसारखीच एक होती. पाटण तालुक्यातली, माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठी असेल. रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायची. नवरा तानाजी मार्केटात कांदा-बटाट्याच्या पोत्यांवर. आमच्या मागच्या गल्लीत एका घरावर चढवलेल्या पत्र्याच्या खोलीत दोघं राहायचे. कडेवर वर्षाच्या आतलं पोर, ओंकार. ती त्याला ओम्या म्हणायची. खोकल्याचं औषध न्यायची. आईने ते दोनतीनदा दिलंही होतं. त्या काळात ते कुणीही मागावं आणि कुणीही द्यावं असं होतं.

एका संध्याकाळी मात्र पलीकडचं बोलणं थांबलं आणि आईने मला हाक मारली. मी पुढे गेले तर तिने ओम्याला काउंटरवर निजवलं होतं. बाहेर रॉकेलचा गाडा उभा होता, गाडेवाला पत्र्याचा डबा बडवत होता, सेक्टरातली पोरं ओरडत होती आणि ह्या आवाजात ते पोर गाढ झोपलेलं. आईने त्याच्या तळपायाला नखाने टिचकी मारली. त्याने पाय जरासा ओढला, बस. तिने पापणी वर केली. मला म्हणाली, "दुकानात बस जरा," आणि सविताला आत घेऊन गेली. मी बसले, पण कान मागेच होते.

"दिवसातून किती वेळा देतेस?"

"खोकला आला की."

"खोकला कुठाय ह्याला, सविता?"

मग सविताचा आवाज आला, अगदी सरळ, रडका नाही. "पयल्यांदा शेजारच्या मावशी सांभाळायच्या. त्या गावाला गेल्या त्या आल्याच न्हाईत. हे पहाटं मार्केटला जात्यात, दुपारच्याला येत्यात. मी सकाळी जाती. मधी कोण न्हाई, ताई. औषध पाजती, झोळीत घालती आन् दार लावून घेती. हे येस्तवर झोपून ऱ्हातंय."

आई म्हणाली, "ह्यानं पोर मरतं."

"मग काय करू सांगा. नोकरी सोडू? तर खोली सुटंल. गावाला ठेवू? तर अंगावर पितंय अजून. तुमी सांगा ताई, तुमी सांगाल तसं करती."

भांड्याचा आवाज आला, आईने सविताला पाणी दिलं असावं. मग म्हणाली, "उद्यापासून इथं आणून सोड."

आत्या खवळली. आण्णांची ही थोरली बहीण, विधवा, आमच्याकडेच असायची. "आगं कुमुद, येड लागलंय का तुला? लोकाचं पोर घरात आणतीस? उद्या कायबाय झालं तर कुणाच्या नावानं बोंब मारतील?"

"काहीबाही होऊ नये म्हणूनच आणतेय, वन्सं."

आण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "तिच्या नवऱ्याला सांगितलंस का हे औषधाचं?" आईने नाही म्हटलं. सविताने तिला हात जोडून सांगितलं होतं, ह्यांना तेवढं कळू देऊ नका. तानाजीला आपलं पोर गुणी वाटायचं. मार्केटात तो सांगायचा म्हणे, आमचं पोरगं रडत न्हाई, शानं हाय. आईने शब्द दिला आणि पाळला. पुढे त्या शब्दाचं काय झालं ते येईलच.

पहिले आठ-दहा दिवस भयंकर होते. ओम्याच्या अंगाला ते औषध सवयीचं झालं होतं. ते बंद झाल्यावर तो सकाळपासून रडायचा. ते रडणं मोकळं नव्हतं, एका सुरातलं, चिडलेलं. हातपाय थरथरायचे, दूध बाहेर यायचं. आई त्याला वाशीच्या मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं, वजन केलं, आणि वय विचारून पुन्हा वजन केलं. म्हणाले, हा जागाच नसतो तर खाणार कधी? मी कॉलेजातून आले की आत्या पोराला माझ्या हातात द्यायची आणि कानाला पदर बांधून बसायची. "मी सांगितलं व्हतं," एवढंच म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी तिनेच नाचणी भिजत घातली.

मग हळूहळू ते पोर जागं झालं. मला दुसरा शब्द सुचत नाही. आधी डोळे फिरवायला लागलं. आत्या लसूण ठेचायला बसली की खलबत्त्याच्या आवाजाकडे मान वळवायचं. आत्या नाचणीची पेज करायची, त्यात गूळ किसून घालायची. दुपारी मऊ भात, वरणाचं पाणी, वर तुपाचा थेंब. हे सगळं ती बोटाने भरवायची. भरवताना त्याच्याशी बोलायची. भाव किती वाढलेत, तिच्या नवऱ्याने तिला काय काय ऐकवलं होतं, माहेरच्या विहिरीला पाणी किती, असलं काहीही. आयुष्यात आत्याचं इतकं बोलणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. ओम्या बसायला लागला, मग रांगत दुकानात जायला लागला. काउंटरखालची सगळ्यात खालची खोकी त्याने फाडून ठेवलेली असत. एकदा आई कुणाला तरी नाकात घालायचे थेंब समजावून सांगत होती. "तोंडात नाही, नाकात," असं म्हणताना तिने स्वतःच्या नाकाला हात लावला, तर खालून ह्याने स्वतःचं नाक धरलं. गिऱ्हाईक हसलं. आईही हसली. दुकानातली आई हसताना मी तेव्हाच पाहिली.

तेवढे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे महिने. मला वाटतं, आमच्या घरात इतका आवाज त्याआधी कधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. आज सोसायटीच्या लिफ्टमध्ये एखादं पोर रडत असेल आणि त्याची आई ओशाळून "सॉरी हं आंटी" म्हणाली, तर मी म्हणते, रडू दे. ती बाई मला भली समजते. पोर रडतंय ना, जागं आहे ना, एवढंच माझ्या मनात असतं. परवा माझ्या मुलीने फोनवरून तिच्या बाळासाठी खोकल्याचं औषध मागवलं. मी चष्मा लावून लेबल वाचेपर्यंत औषध पोचवायला आलेला पोरगा बाटली देऊन जिना उतरूनही गेला होता. त्याला मी काय विचारणार होते?

दिवाळीनंतर सविता एका रविवारी तानाजीला घेऊन आली. त्याने चिवड्याची पिशवी आणली होती. उंच, लाजाळू माणूस, दारातच उभा राहिला. तुर्भ्याला मार्केटजवळ त्याच्या भावाने दोन खोल्या घेतल्या होत्या. भावजय घरीच असते, पोराला बघेल. "तुमास्नी लई तरास दिला ताई," तो म्हणाला. त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. भावाचं घर, घरात बाईमाणूस, मार्केट जवळ. आत्या आत स्टोव्हपाशी पाठ करून बसली होती, ती काही बाहेर आली नाही. ओम्याला घेऊन ते निघाले तेव्हा आईने सविताला बाजूला घेतलं.

"तुला सांगायला नको. तरी सांग मला."

सविताने एकही शब्द न चुकता सांगितलं. झोपेचं, खोकल्याचं औषध लहान पोराला आपल्या मनानं द्यायचं नाही. डॉक्टरचं एक चालू असलं तर त्यावर घरातलं दुसरं पाजायचं नाही, दोन्हीत एकच औषध असू शकतं. पोर उठवून उठत नसलं, श्वास थांबून थांबून घेत असलं तर वाट न बघता दवाखाना. आई मान हलवत ऐकत होती. एवढं चांगलं तिला कुणीच कधी म्हणून दाखवलं नव्हतं.

तरीही तिचं समाधान झालं नाही. पुढच्या आठवड्यात दुकान दुपारचं बंद ठेवून ती मला घेऊन तुर्भ्याला गेली. मला वाटलं ओम्याला भेटायला. भेटलोही, भावजयीच्या मांडीवर तो होता, मला बघून हात पसरले त्याने. पण नंतर आई त्या भागातल्या एकेका मेडिकलमध्ये शिरली. मी केमिस्ट आहे, कोपरखैरण्याला दुकान आहे, असं सांगायची आणि मग म्हणायची, "इथल्या बायका कामावर जातात. तान्ह्यांसाठी खोकल्याचं औषध मागायला आल्या तर पोर बघितल्याशिवाय देऊ नका." एकाने चहा विचारला. एकाने हो हो म्हटलं, आमच्याकडे न बघता. एक म्हातारासा दुकानदार मात्र खरं बोलला. "मॅडम, मी नाही दिलं तर बाजूचा देईल. त्यानं नाही दिलं तर ती पोराला दारू चाटवेल. मी बघितलंय. तुम्ही त्या पोरांना सांभाळणार आहात का?" आई म्हणाली, "एकाला सांभाळलं." तो म्हणाला, "बरं." एवढंच. त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच आई दुकानाबाहेर येऊन फुटपाथवर थोडी थांबली.

नंतर काही दिवस निरोप येत राहिले. ओम्या उभा राहतो. ओम्या 'ताता' म्हणतो. मग निरोप कमी झाले. माझी परीक्षा आली. आत्या अधूनमधून म्हणायची, "जाऊन बघून या की गं पोराला," आणि आम्ही जाऊ म्हणायचो.

तानाजी आला तेव्हा दुपार होती. मीच पुढे होते, आई जेवायला बसली होती. मी त्याला ओळखलं नाही. दाढी वाढलेली, कपाळाला धूळ, मार्केटातून तसाच आल्यासारखा. त्याने खिशातून एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. आईच्या दुकानातली नव्हती, दुसऱ्याच कंपनीची होती. म्हणाला, "ताईस्नी बोलवा."

आई उष्ट्या हाताने बाहेर आली. बाटली बघितली, मग त्याच्याकडे बघितलं.

"पोरगं गेलं," तो म्हणाला. "सोमवारी."

मी आईचा हात धरायला पुढे झाले, पण तिने तो बाजूला केला. तानाजी एकेक शब्द शोधून सांगत होता. भावजय बाळंतपणाला माहेरी गेली. कंपनीने सविताची पाळी बदलली. ओम्याला खरंच सर्दी झाली होती, डॉक्टरने औषध दिलं होतं, ते चालू होतं. दुपारी तो घरी आला तर पोर झोळीत झोपलेलं. नेहमीसारखंच झोपलंय असं त्याला वाटलं. तो जेवला. जेवून हात धुताना बघितलं तर ओठ निळे. उचलून पळत सुटला, रिक्षा केली, वाशीच्या दवाखान्यात नेलं. "डॉक्टर म्हनलं, उशीर झाला. म्हनलं, ह्यानं झालं," आणि त्याने बाटली बोटाने पुढे सरकवली. "झोळीखाली गावली मला. ह्याच्यात काय असतंय, ताई?"

आईने बाटली उचलली, वाचली आणि त्याला सांगितलं. ह्यानं झोप येते. मोठ्या माणसालाही येते. डॉक्टरच्या औषधातही थोडं तेच असणार. लहान पोराला जास्त झालं की श्वास घ्यायचं भान राहत नाही. ती दुकानातल्याच आवाजात बोलत होती, सावकाश आणि स्पष्ट, फक्त मोठ्याने नाही. तो ऐकत होता. मार्केटातली माणसं ऐकायची तसंच, अवघडून, सगळं नीट लक्षात ठेवायचं असल्यासारखं.

मग त्याने विचारलं, "सविताला हे ठावं नव्हतं ना?"

आई खोटं बोलू शकत नसे. गिऱ्हाईक चिडेल म्हणून, डॉक्टर रागावेल म्हणून, औषधाचा साठा संपलाय हे लपवण्यासाठी, कशासाठीच नाही. आण्णा तिला ह्यावरून चिडवायचे. ती तानाजीकडे बघून म्हणाली, "नाही. तिला कसं ठाऊक असणार? खोकल्याचं म्हणून दिलं असेल तिनं."

त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. "तसंच असंल," म्हणाला. "तिला कोण सांगणार?" बाटली उचलून खिशात घातली आणि गेला. आत भिंतीपलीकडे आत्याने सगळं ऐकलं होतं. ती मोठ्याने रडायला लागली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं आण्णा नंतर म्हणाले. आई आत आली नाही. काउंटरपाशी तशीच उभी राहिली, बोटांना लागलेला भात वाळेपर्यंत.

दोन दिवसांनी आम्ही दोघी तुर्भ्याला गेलो. तानाजी गावाला गेला होता, आईवडिलांना घेऊन यायला. सविता खोलीत एकटीच होती आणि केस विंचरत होती. आम्हाला बघून उठली, सतरंजी टाकली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आई तिच्याजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, तशी ती हळूच बाजूला सरकली.

"ताई, तुमी ह्यांना काय सांगितलं?"

आईने हात मांडीवर ओढून घेतला.

"मला ठावं नव्हतं म्हनून सांगितलं ना? हे येऊन माझ्या पाया पडल्यात, ताई. म्हनलं, तुझी काय चूक न्हाई, तू अडानी, दुकानदारानं फशीवलं. असं म्हनून रडलं." तिने फणीतले केस काढून त्यांची गुंडाळी केली. "मला ठावं व्हतं. तुमीच शिकवलं व्हतं की. झाकण भरताना समदं आठवत व्हतं मला. म्हनलं आजच्याला फक्त. उद्या कुनाला तरी बघू."

आई म्हणाली, "माझ्याकडे का नाही आणलंस?"

"तुर्भ्यावनं कोपरखैरणं, तिथनं रबाळं. पाळीला टायमात कशी पोचणार? दोनदा उशीर झाला व्हता आधीच." आणि मग, जणू आईचीच समजूत घालावी तशी, "तुमी लई केलं, ताई. तुमचं काय न्हाई त्यात."

शेजारच्या बाईने चहा आणून ठेवला. तो कुणी प्यायलं नाही. मी खिडकीकडे बघत होते. बाहेर मार्केटचे ट्रक वळत होते, कांद्याची टरफलं उडत होती. सविता उठली, पदर खोचला, डबा पिशवीत घातला. आईने विचारलं, "कुठं निघालीस?"

"कामाला. दुपारची पाळी हाय."

"आज?"

"परवापास्नं जाती. घरी बसून काय करू?"

आम्ही तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेलो. कंपनीची गाडी आली, त्यात तिच्यासारख्याच बायका होत्या, डबे मांडीवर घेऊन बसलेल्या. एकीने सरकून जागा दिली. सविता खिडकीशी बसली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुढे बघायला लागली. गाडी ठाणे-बेलापूर रस्त्याला लागली. थोड्या वेळाने आमची बस आली, थांबली. मी चढायला पाय उचलला तर आई जागची हलली नव्हती. कंडक्टर "चला चला" म्हणाला आणि त्याने घंटी दिली. दुसरी बस आली, तीही गेली. मी तिच्याशेजारी उभी होते. ऊन उतरत होतं, आणि आई रस्त्याकडे बघत होती.